खिळे परत खणात

गुरुजींनी शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला, टोपण दातात धरलं, आणि एक हात टेबलावर टेकून ते खाली वाकले. सीपीयूच्या पुढच्या बाजूला यूएसबीची दोन भोकं आहेत, ती त्यांना बरोबर ठाऊक. पेन ड्राइव्ह तिथे टेकणार एवढ्यात मी ओरडले, “थांबा! तो यात घालायचा नाही.” आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बराच चढा निघाला. गुरुजींचा हात तिथेच थांबला. ते सावकाश सरळ झाले, टोपण परत लावलं, पेन ड्राइव्ह खिशात ठेवला आणि म्हणाले, “राहू दे मग.” माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांना बसायला सांगितलं, फराळाचं ताट पुढे केलं. त्यांनी एक शंकरपाळी उचलली, ती हातातच ठेवली आणि दोन मिनिटांत “येतो” म्हणून निघाले. पाडव्याची सकाळ होती. दारातली रांगोळी ओलांडताना त्यांनी धोतर जरा उचलून धरलं, तेवढंच मला पाठमोरं दिसलं.

त्यांचं काम साधं होतं. त्यांच्या पत्नीने आसपासच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. २००६ साली अण्णांनी त्याची ४८ पानांची पुस्तिका याच मशीनवर जुळवून दिली होती. आता काकू जाऊन वर्ष होत आलं आहे. वर्षश्राद्धाला आलेल्यांच्या हातात पुस्तिकेची नवी प्रत द्यावी असं गुरुजींच्या मनात आहे. मूळ फाइल अण्णांच्या मशीनमध्ये आहे, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि पुढे छापायला द्यायची, एवढंच. चाळीस वर्षं या घरात त्यांची उठबस. शाळेचे पेपर, स्नेहसंमेलनाची निमंत्रणं, सेवानिवृत्तीचं मानपत्र, सगळं इथलंच. आणि मी त्यांना दारात चप्पल काढायला लावून हात धुवायला पाठवावं, तसं काहीतरी केलं होतं.

अण्णा संध्याकाळपर्यंत काही बोलले नाहीत. मग दिवेलागणीला म्हणाले, “एवढं तोडून बोलायचं कारण नव्हतं.”

“अण्णा, तो पेन ड्राइव्ह कुठकुठल्या मशीनला लागलेला असेल, त्यातून काय येईल, तुम्हाला कल्पना नाही.”

“मला नसेल. पण त्याला काय कळलं, सांग. त्याला एवढंच कळलं की या घरात त्याच्यावर भरवसा राहिला नाही.”

हे मशीन आमच्या सांगलीच्या घरात, पुढच्या खोलीत आहे. २००४ साली असेंबल करून घेतलेलं पेंटियम फोर, त्यावर विंडोज एक्सपी, छपाईची पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. कधीकाळी पांढरट असलेली त्याची पेटी आता हळदीच्या डागासारखी पिवळी पडली आहे. मॉनिटर अजून काचेच्या नळीचा. बटण दाबलं की आधी पंखा घुरघुरतो, मग हार्ड डिस्क कुरकुर करते, आणि पाचसात मिनिटांत तापलेल्या धुळीचा एक कोरडा वास खोलीत पसरतो. तो वास आला की आई आतून विचारायची, “काम आलंय वाटतं?” आई गेली, वास तसाच येतो. अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. नवं काम ते घेत नाहीत. पण जुन्या गिऱ्हाइकाला जुन्या पत्रिकेत नाव बदलून हवं असतं, पतसंस्थेला मागच्या एखाद्या अहवालातलं पान हवं असतं. त्या फाइली दुसऱ्या मशीनवर नेल्या की मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, रुजण्याआधीचे ते फॉन्ट. म्हणून मशीन आहे. आणि अण्णांना त्याच्यापुढे बसायला आवडतं, म्हणूनही आहे.

मी पुण्यात नेटवर्क सांभाळायचं काम करते. पंधरा वर्षं झाली. कुठल्या मशीनवर कुठला पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, पडला नाही, कुठलं पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं दार, उगाच उघडं आहे, कुणी कुठून काय जोडलं, हे बघणं हा माझा दिवस. ८ एप्रिल २०१४ या तारखेनंतर एक्सपीला नेमाने होणारी दुरुस्ती थांबली, हे मी ऑफिसात कितीजणांना सांगितलं असेल. आमच्या मजल्यावरचं शेवटचं एक्सपी मशीन मीच उचलून बाजूला ठेवलं. त्याच महिन्यात सांगलीला आले आणि अण्णांच्या मशीनवर एक्सपीची तीच हिरवी टेकडी आणि निळं आभाळ बघत चहा प्यायले. तेव्हा मनात काही आलं नाही. घरातल्या वस्तूंना आपण बाहेरचे नियम लावत नाही.

१२ मे २०१७ला मात्र आलं. शुक्रवार होता. वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा, पसरायला लागलं आणि आम्ही तो शनिवार-रविवार ऑफिसातच काढला. एकेका मशीनवर मार्च महिन्यातला तो पॅच आहे की नाही बघायचं, नसेल तर टाकायचा, ४४५ नंबरचं पोर्ट बाहेरून बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा तपासायचं. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांतून पेशंट परत पाठवत असल्याच्या बातम्या येत होत्या. ते मायक्रोसॉफ्टच्या इतकं जिव्हारी लागलं की तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा त्यांनी दुसऱ्या दिवशी पॅच काढला. ती ओळ वाचली आणि पोटात गोळा आला. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. पहाटेचे साडेपाच वाजले असतील.

“अण्णा, मशीनला मागून नेटची वायर आहे का?”

“वायर कशाला? नेट तुझ्या भाच्याच्या फोनमध्ये असतं.” मग थोडं थांबून, “तू जेवलीस का काल?”

वायर नव्हती. कधीच नव्हती. त्या क्षणी जगातली कितीतरी नवी, महागडी मशीनं त्यांच्या वायरींमुळे अडकली होती आणि आमचं पिवळं खोकं सांगलीच्या गावभागात कुणाच्या अध्यातमध्यात नसल्यामुळे शाबूत होतं. पुढे आकडे आले तेव्हा कळलं की वॉनाक्रायने धरलेल्या मशीनांपैकी जवळजवळ सगळी विंडोज ७ची होती. एक्सपीवर तो किडा बहुतेक वेळा नीट चालतच नव्हता, मशीन निळा पडदा दाखवून बंद पडायचं. जुनं म्हणजे धोक्याचं आणि नवं म्हणजे सुरक्षित, असं जे मी बैठकांमधून ठासून सांगत आले होते, ते तेवढं सरळ नव्हतं. ज्या मशीनचा पॅच पडलेला नाही ते नवं असलं तरी उघडं, आणि ज्याला वाटच नाही ते जुनं असलं तरी झाकलेलं. दीड महिन्याने नॉटपेट्या हा दुसरा किडा आला, तेव्हा न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. ती काही कुणी अडगळीत टाकलेली मशीनं नव्हती.

पण वाट नाही म्हणजे फक्त वायर नाही, एवढंच. माणसं येतात-जातात, त्यांच्या खिशात वाटा असतात. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रं इंटरनेटला जोडलेली नव्हती, तरी २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा किडा तिथपर्यंत पोचलाच, आणि तो पेन ड्राइव्हवरून गेला असंच मानलं जातं. आमच्याकडे अणुकेंद्र नाही, पत्रिका आहेत. तरी तत्त्व तेच. एक्सपी ज्या काळात घडली, त्या काळात मशीनला असं शिकवलं होतं की कुणी काही आणून लावलं तर त्यात काय आहे ते लगेच उघडून बघ. आल्या-गेल्याला पाणी विचारावं, तसं. त्या अगत्याचा फायदा घेणारे किडे पुढे इतके झाले की फेब्रुवारी २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट पाठवून पेन ड्राइव्हपुरती ती सवय मोडली. अपडेट नेटवरून आलं, आमच्या मशीनला नेट नव्हतं. ज्या एकटेपणाने त्याला वॉनाक्रायपासून वाचवलं, त्याच एकटेपणामुळे त्याला ही साधी गोष्टही कुणी सांगितली नाही. ते अजून प्रत्येकासाठी दार उघडतं.

आणि माझा आवाज चढला त्याचं कारण २०१७ मध्ये नव्हतं, फार मागे होतं.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. मी आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. तेव्हाचं मशीन वेगळं, विंडोज ९८चं, घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. कर्ज काढून घेतलेलं. लग्नसराई ऐन भरात होती आणि अकरा पत्रिका त्या मशीनमध्ये होत्या, काहींची प्रूफं गिऱ्हाइकाकडून यायची होती. अण्णांनी उदबत्ती ओवाळली, बटण दाबलं. पंखा फिरला. पुढे काहीच नाही. काळा पडदा, बीप नाही, अक्षर नाही. त्यांनी बंद केलं, पुन्हा लावलं. असं किती वेळा केलं मला आठवत नाही, पण तेवढा वेळ त्यांच्या बोटाचं टोक त्या बटणावर पांढरं पडलेलं आठवतं. दुपारी दुरुस्तीवाला आला. त्याने पेटी उघडली आणि म्हणाला, आज सकाळपासून हे पाचवं मशीन. हा सीआयएच. एका तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला एवढासा किडा, जेमतेम एक किलोबाइटचा. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये ज्या रिकाम्या जागा असतात त्यांत तो आपले तुकडे दडवून बसायचा, म्हणजे फाइलचा आकारही वाढायचा नाही आणि कुणाला संशय यायचा नाही. २६ एप्रिलला उठायचा, हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग शून्यांनी भरून टाकायचा, आणि जमलं तर मदरबोर्डवरच्या बायोसची, म्हणजे मशीनला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, चिपसुद्धा पुसून टाकायचा. आमच्याकडे दोन्ही जमलं होतं.

दुरुस्तीवाल्याने विचारलं, “बाहेरची कुठली फ्लॉपी घातली होती का, काका?”

मी दारात उभी होते. पंधरा दिवसांपूर्वी वर्गातल्या मैत्रिणीकडून मी एका खेळाची फ्लॉपी आणली होती. अण्णा जेवायला आत गेले की मी तो खेळ खेळायची. ती फ्लॉपी त्या वेळी माझ्या दप्तरात, भूगोलाच्या वहीत होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, “कामाच्या कितीतरी येतात, काय सांगावं.” मला वाटलं, त्यांना माहीतच नाही. मी सुटले असं वाटलं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला सीआयएचबद्दल सविस्तर वाचलं, तेव्हा लायब्ररीतल्या बाकावर माझ्या लक्षात आलं की कामाच्या फ्लॉप्यांवर फक्त मजकुराच्या फाइली यायच्या, आणि तो किडा प्रोग्रॅमच्या फाइलीला चिकटतो. चालवायचा प्रोग्रॅम त्या महिन्यात घरात एकच आला होता. आणि अण्णा दर रात्री मशीन बंद करताना शेवटी काय काय उघडलं होतं ते बघायचे. त्यांना माहीत होतं. आजपर्यंत त्यांनी तो विषय काढलेला नाही, मीही नाही.

त्या रात्री अण्णा माळ्यावर चढले आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या पेट्या खाली काढल्या. त्यांना केस म्हणतात. मशीन यायच्या आधी ते कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, होते आणि आमचं छपाईचं यंत्र, ट्रेडल, विकलं गेलं असलं तरी खिळे त्यांनी ठेवले होते. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, उजवा हात केसवरून फिरतोय, डोळे मजकुरावर. हात कुठे जातोय ते बघायची त्यांना गरज नसे. अकरापैकी चार पत्रिका त्यांनी त्या आठवड्यात खिळ्यांवर जुळवल्या आणि गल्लीतल्या दुसऱ्या छापखान्यात नेऊन छापून आणल्या. शिशाचा वास हाताला लागायचा, जेवतानाही जायचा नाही. मी त्यांच्या शेजारी बसून प्रूफं वाचत होते. पत्रिका उलटी वाचायला मी त्या आठवड्यात शिकले.

खिळ्यांच्या दिवसांतली एक गोष्ट मला अलीकडे फार आठवते. शाळांचे सहामाही, वार्षिकचे पेपर अण्णांकडे छापायला असायचे. गुरुजी स्वतः हाताने लिहिलेले कागद घेऊन यायचे, छपाई होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसायचे. पेपर मोजून, सुतळीने बांधून, लाखेचं सील लागलं की ते जायचे. मग खराब निघालेले कागद आणि प्रूफं अण्णा न्हाणीघरातल्या बंबात घालायचे. आणि झोप कितीही आली असली तरी त्याच रात्री बसून सगळे खिळे सोडवून परत ज्या त्या खणात टाकायचे. क कच्या खणात, त तच्या खणात, काने एकीकडे, वेलांट्या एकीकडे. मी विचारायची, सकाळी केलं तर चालणार नाही का? ते म्हणायचे, जुळलेला मजकूर रात्रभर ठेवायचा नसतो. सकाळी त्या खोलीत कुणीही शिरलं असतं तरी त्याला पेपरचा मागमूस लागला नसता. कालच्या इतिहासाच्या प्रश्नातला क उद्या कुणाच्या तरी मुंजीच्या पत्रिकेत लागायचा. छापखान्याला आठवण नव्हती.

मशीनला आहे, आणि माझी भीती मुळात तिथे आहे.

गेल्या वर्षी मी ते सगळं एकदा बघायला बसले. म्हटलं, नको ते काढून टाकू. एकेक फोल्डर उघडत गेले आणि रात्रीचे दोन वाजले. लग्नासाठी टाइप करून घेतलेले बायोडेटे, त्यात जन्मवेळ, उंची, पगार, कुणाचा ‘पूर्वीचा विवाह घटस्फोटाने संपुष्टात’. पतसंस्थेच्या अहवालात थकबाकीदारांची नावं आणि आकडे. सहा-सात मृत्युपत्रांचे मसुदे, एकाचे तर चार, आणि चौथ्यात धाकट्या मुलाचं नाव नाही. पोलिसांत द्यायचे अर्ज. एका सुनेने सासरच्यांविरुद्ध लिहून घेतलेला कागद, जो तिने बहुधा कधी दिलाच नाही, कारण ती अजून त्याच घरात आहे आणि मला बाजारात भेटते. ही माणसं अण्णांकडे आली, कारण अण्णा ऐकलेलं कुठे बोलत नाहीत हे सगळ्या गावभागाला माहीत होतं. अण्णा नाहीच बोलले. पण ज्याच्यावर त्यांनी टाइप केलं त्याने सगळं जपून ठेवलं. आणि पुसलं तरी काय? डिलीट म्हटलं की मशीन फक्त नाव खोडतं, मजकूर डिस्कवर जिथल्या तिथे राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. इथे खिळे खणात जात नाहीत.

कुलपांचं म्हणाल, तर आमच्या मशीनला एक कुलूप आहे. मागच्या बाजूला प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल. ते नसेल तर फॉन्ट चालत नाहीत. म्हणजे अक्षरांना कुलूप होतं, त्या अक्षरांत ज्यांची गुपितं लिहिली त्या माणसांना नव्हतं. जुन्या विंडोज ९८ला अण्णांनी माझ्या जन्मतारखेचा पासवर्ड ठेवला होता. मला पुढे कळलं की तिथे एस्केप दाबलं तरी आत जाता येतं. तो पासवर्ड पहारा द्यायला नव्हताच, मशीन कुणासाठी लावलंय एवढं विचारायला होता. खरं कुलूप पुढच्या दाराला होतं आणि त्याची किल्ली आईच्या कमरेला. ज्यांनी ही यंत्रं घडवली त्यांनी चोर खोलीत चालत येईल असं धरलं होतं. तो हजारो मैलांवरून, झोपेतून न उठता येईल, किंवा गुरुजींच्या खिशात बसून येईल आणि गुरुजींनाच त्याचा पत्ता नसेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

ऑगस्ट २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. आमच्या पुढच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. पाणी चढायला लागलं तेव्हा अण्णांनी सगळ्यात आधी सीपीयू उचलला, चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर नेऊन ठेवला. धान्याचा डबा त्यानंतर. त्या वेळी मी फोनवर चिडले होते, या वयात खोकी कसली उचलताय म्हणून. पाणी ओसरल्यावर मी आले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, फुगलेली पुस्तकं आणि चिखलाने भरलेले सीपीयू यांचे ढीग होते. दवाखान्यातले, पतसंस्थेतले, झेरॉक्सच्या दुकानातले. भंगारवाले टेम्पो लावून भरून नेत होते. प्रत्येकाच्या पोटात एक हार्ड डिस्क होती आणि चिखलाने डिस्कवरचं सगळं पुसलं जात नाही, हे मला माहीत होतं. कुणाला अडवणार? घर गेलेल्या माणसाला तुमच्या डिस्कचं काय करणार असं कोण विचारेल? मी नुसती बघत राहिले. अण्णांनी त्या दिवशी खोकं का उचललं ते मात्र मला तिथे उभं राहून कळलं.

उपाय मी केले नाहीत असं नाही. पूर्ण डिस्कची प्रत घेतली, माझ्या लॅपटॉपमध्ये, नेट पूर्ण तोडून, आतल्या आत एक्सपी चालवून बघितली. सगळं आलं. डोंगल मात्र आलं नाही, कारण लॅपटॉपला तसलं पोर्टच नाही, आणि नुसतं पेजमेकर उघडून फायदा नव्हता. अण्णा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, “चांगलंय. पण याचा आवाज येत नाही.” भाच्याने एकदा हौसेने मशीन नेटला जोडून बघायचा घाट घातला होता, तोही मी मोडला. पण जोडलं असतं तरी फारसं काही दिसलं नसतं. आजच्या साइट ज्या पद्धतीने आपलं बोलणं गुप्त ठेवतात, ती पद्धत त्या जुन्या ब्राउझरला येतच नाही, दोघांचं बोलणं पहिल्याच वाक्याला तुटतं. त्यात मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की मशीन २००२ सालात जाऊन बसतं आणि आजची सगळी प्रमाणपत्रं त्याला अजून सुरूच न झालेली वाटतात. सेल मी बदलून दिला आहे. मागचं नेटवर्कचं कार्ड काढून, कागदात गुंडाळून अण्णांच्या खणात ठेवलं आहे. पुढच्या दोन यूएसबीच्या भोकांचं मात्र मनावर घेतलं नव्हतं.

पाडव्याच्या त्या रात्री मी अण्णांना म्हटलं, ओव्यांची फाइल काढू या. त्यांनी सवयीने वर्षाचं फोल्डर उघडलं. २००६, मग शाळेचं नाव, मग ‘वहिनी ओव्या’. पेजमेकर उघडलं आणि काकूंची पानं सावकाश, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी पडद्यावर उतरत गेली. पीडीएफ केली, म्हणजे फॉन्टची अक्षरं फाइलमध्येच बांधली जातात आणि ती कुठेही तशीच दिसते. मग बाहेर काढायची कशी? पेन ड्राइव्ह लावायचा नाही हे मीच म्हटलं होतं, माझासुद्धा नाही. अण्णांनी कपाटातून कोऱ्या सीड्यांची चळत काढली. सीडीवर एकदा लिहून बंद केलं की तिच्यावर पुन्हा कुणी काही लिहू शकत नाही. ती मशीनमधून बाहेर जाते, बाहेरचं काही घेऊन परत येत नाही. पहिली सीडी फुकट गेली. दुसरीला कमी वेग लावला आणि आम्ही दोघं ती घरघर ऐकत बसलो. अण्णांनी तिच्यावर मार्करने लिहिलं, त्यांच्या त्या गोल, खिळ्यासारख्या अक्षरात.

भाऊबीजेला दुपारी मी लॅपटॉप आणि बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, स्वतः चहा टाकला. कालचं मी बोलायला लागले तर म्हणाले, “असू दे गं.” मी पेन ड्राइव्ह मागितला. माझ्या लॅपटॉपला लावला तर पडद्यावर चार फोल्डर दिसले, चारही खोटे. शॉर्टकट व्हायरस. तो खरी फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. त्यावर बोट ठेवलं की आधी तो चालतो आणि मग तुमचं फोल्डर उघडून दाखवतो. काल तो अण्णांच्या मशीनला लागला असता तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. गुरुजी कपात चहा गाळत होते. मी तो काढून टाकला.

“होतं का काही त्यात?” त्यांनी विचारलं.

“थोडं होतं. काढलं.”

“कुठून आलं असेल?”

“कितीतरी ठिकाणी लावलेला असतो, गुरुजी,” मी म्हणाले. “काय सांगावं.”

मग एक आज्ञा देऊन लपलेली फोल्डर उघडी केली. चार होते ते पाच झाले. ‘पेन्शन’, ‘शाळा फोटो’, ‘सहल २०१२’, ‘ओव्या ध्वनिमुद्रण’, आणि पाचवं ‘दवाखाना’. गुरुजी चष्मा लावून माझ्या खांद्यामागे उभे होते. मी न विचारता ते फोल्डर उघडलं, हा माझा हात आधी चालतो तो दोष. आत काकूंचे रिपोर्ट होते, स्कॅनची चित्रं, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर काढलेले दोन-तीन फोटो. तारखा मागच्या वर्षीच्या, शेवटच्या महिन्यातल्या. गुरुजी काही वेळ बघत राहिले. चहावर साय धरली.

“मला वाटलं, हे माझ्याकडून उडालं,” ते म्हणाले.

“नाही. आत होतं. नुसतं दिसत नव्हतं.”

मी फोल्डर बंद केलं. ओव्यांची पीडीएफ पेन ड्राइव्हवर टाकली, उघडून दाखवली. पहिल्या पानावर काकूंचं नाव होतं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं.

“ते पाचवं,” ते म्हणाले, “ते परत लपवता येईल का?”

“येईल, गुरुजी.”

मी त्या नावावर राइट क्लिक केलं, खाली ‘हिडन’च्या चौकटीत खूण केली. फोल्डर फिकट झालं. मग दिसेनासं झालं.